बटन वर यायच्या आधी

वैशू,

तू काय काम करायचीस, हे मला सांगता आलं नाही.

आपल्या सगळ्या गोतावळ्यात गोष्टी सांगणारा म्हणून माझं नाव. लग्नात पंगत लांबली की लोक मलाच पुढं ढकलतात, "दिगूमामाला बोलायला लावा, तोवर भात शिजतो." मी उभा राहतो, आणि भात शिजून गार होईपर्यंत खाली बसत नाही. असा मी. आणि तुझा दहावा व्हायचा होता, हसनाबादला तुमच्या ओसरीत भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या, तेव्हा तुझ्या आईनं खांबाला टेकल्या टेकल्या मला विचारलं, "दिगू, ती पुण्याला काय करत व्हती रे?"

"अक्का, कॉम्प्युटरवर होती."

"पोस्टातला बाबूबी आता कॉम्प्युटरवरच बसतो. ती काय करत व्हती?"

मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मोबाईलच्या काचेवर जी बटनं दिसतात, ती दाबल्यावर कशी दिसावीत हे ठरवायची, असं म्हणणार होतो. पण समोर बायका होत्या, अक्काचा चेहरा होता, आणि ते वाक्य माझ्याच तोंडात मला एवढंसं वाटायला लागलं.

अक्का रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी न्हाई म्हणत व्हते. तू म्हणलास, जाऊ दे. कशापायी जाऊ दिली, तेवढं तरी मला कळू दे."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या मागं आहे. तुझ्या आजाराचं, दवाखान्याचं, पुण्याहून आलेल्या त्या गाडीचं मी इथं काही लिहिणार नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि आलागेला तेच बोलतो. मला तुझ्या बटनांचं लिहायचं आहे. अक्काला जे सांगता आलं नाही आणि मग जे झालं, ते तुला सांगतो. चुकलं तर तू टोकशील, असं अजून वाटतं. सवय जात नाही.

टोकायची तुला सवयच होती. मामाच्या घरी राहून शिकायचं ही आपल्याकडची रीत, म्हणून तू हायस्कुलाला परतूरला आमच्याकडं आलीस, पत्र्याची पेटी आणि दोन वेण्या घेऊन. आल्याच्या आठवड्यातच जेवताना मी गोष्ट रंगात आणली होती, तर तू ताटातून मान वर केलीस. "मामा, मागच्या टायमाला कुत्रं काळं व्हतं."

"पांढरंच होतं."

"काळं व्हतं. आन् विहिरीत तुम्ही न्हाई, आप्पा पडले व्हते."

तुझी मामी हसून भाकरी थापायची थांबली. "भाची न्हाई, वकील आणून ठेवलाय घरात!" तुझ्यामुळं माझ्या किती चांगल्या गोष्टी खऱ्या झाल्या आणि त्यामुळं बिघडल्या! तरी तू समोर नसलीस की मला सांगायला मजा यायची नाही, हेही खरं. टोकणारं कुणी नसलं की माणूस फेकत सुटतो आणि ऐकणारे माना डोलवतात. त्यात काय चव?

नंतर तू पुण्याला गेलीस, शिकलीस, तिथंच नोकरीला लागलीस. अक्काला तू "मोबाईलचं काम" एवढंच सांगायचीस. मलाही आधी तेवढंच ठाऊक होतं. मी कॉलेजातला कारकून. मोबाईलचं काम म्हणजे टॉवरवर चढायचं असेल असं समजून मी तुला दोनदा बजावलं होतं, पडशील म्हणून. तू खुलासा केला नाहीस. मला टॉवरवरच्या भाचीचा अभिमान वाटू दिलास.

खरं काम कळलं ते मागच्या दिवाळीनंतर. कापसाचा हंगाम चालू होता. तू सुट्टीला नाही, कामाला आली होतीस, परतूरला कापसाचा बाजार आहे म्हणून. तुझ्याकडं तो काचेचा फोन होता. आमच्याकडं अजून सगळे खऱ्या बटनांचे फोन, रबरी, अक्षरं पुसलेले. तुझ्या फोनला बटन म्हणून काही नव्हतंच, सगळी काचेच्या आत काढलेली. हिरव्या पट्टीवर "भाव" लिहिलेलं. ते दाबलं की पुण्याला निरोप जायचा आणि तिकडून त्या दिवसाचा कापसाचा भाव यायचा.

"आन् यात तू काय केलं?" मी विचारलं.

तू ओट्यावर, खिडकीच्या उन्हात, काड्यापेटी ठेवलीस. म्हणालीस, "मामा, बघा. उजेड वरून येतो, म्हून वरची कड चमकती, खाली सावली पडती. तसं काढलं की बटन वर आल्यावानी दिसतं. आन् उलटं काढलं, वर सावली, खाली चमक, तर आत दबल्यावानी दिसतं. दोन चित्रं. बोट टेकलं की पहिलं जातं, दुसरं येतं."

"म्हणजे ढोंगच की."

"ढोंगच. पण तुमच्या कुत्र्यापरीस बरं."

मग म्हणालीस, "दाबा." गावरान माणसावर पहिला प्रयोग करायचा म्हणून तू मला निवडलं होतंस, हे तू फार आदरानं सांगितलंस. मी अंगठा टेकवला. बटन आत गेल्यासारखं दिसलं खरं. मी अंगठा तसाच ठेवला. तू वाट बघत होतीस, मीही वाट बघत होतो. आपण दोघं एकमेकांकडं बघत बसलो. मग फोन वाजायला लागला. एक निरोप, दुसरा, तिसरा, थांबेचना. अंगठा टेकलेला होता तोवर तुमचं यंत्र पुन्हा पुन्हा पुण्याला भाव विचारत राहिलं होतं, आणि पुणं बिचारं पुन्हा पुन्हा तोच भाव सांगत होतं. नुसतं टिंग टिंग. मामी म्हणाली, "फोन हाये का बैलाची घुंगरं?"

तू हसत नव्हतीस. "मामा, तुम्ही बोट सोडलं कामून न्हाई?"

"अगं, उचलल्याबिगर सोडू कसं?"

"काय उचलल्याबिगर?"

मला स्वतःलाच कळलं नाही मी काय म्हणालो ते. मग ध्यानात आलं. घनसावंगीकडच्या आपल्या वावरात विहिरीवर मोटार आहे, तिचा स्टार्टर. हिरवं बटन दाबायचं आणि दाबून धरायचं. आपल्याकडची लाईट अशी मरतुकडी, की जरा लवकर बोट काढलं तर मोटार नुसती कण्हते आणि बसते. तिनं गुरगुर आवाज धरला, पाइप थरथरला, म्हणजे मोटारीनं उचललं. मग सोडायचं. वर्षानुवर्षं माझा अंगठा हेच शिकलेला. त्याला काय माहीत, हे बटन पाण्याचं नाही, भावाचं आहे!

तू एकदम उठलीस. "चला बाजारात."

"आता? जेवण?"

"येऊन जेवू. जल्दी चला."

त्या दिवशीच्या बाजाराची आठवण मला रोज येते. कापसाच्या गाड्यांची रांग, टेम्पो, मधूनच उडणारे कापसाचे पुंजके, आणि या गाडीपासून त्या गाडीपाशी जाणारी पंजाबी ड्रेसमधली तू, फोन पुढं करून. मी ओळख करून द्यायला. "मही भाची हाये, पुण्याची." लोकांना वाटलं स्थळ दाखवतोय. एक जण फोन हातात घेऊन म्हणाला, "पोरी, हे दाबल्यावर भाव वाढतो का?"

"न्हाई काका, नुसता कळतो."

"कळून काय करू? तो तर मला न दाबताबी कळतोय."

सगळे हसले, तूही. पण दाबलं सगळ्यांनी, आणि सगळ्यांनी माझ्यासारखंच केलं. दाबलं आणि धरून ठेवलं. घनसावंगीच्या एका म्हाताऱ्यानं तर अंगठा टेकवला आणि फोनकडं बघायचंच सोडून मान कलती करून दुसरीकडंच पाहायला लागला. मला वाटलं बाबाचं लक्ष नाही. तू माझी बाही ओढलीस. अगदी हळू म्हणालीस, "मामा, ते बघून न्हाई राह्यले. ऐकून राह्यले."

तुझा तो चेहरा! दहावीच्या निकालालाही तू एवढी खुलली नव्हतीस. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, लोकांना वापरता येत नाही. तुला वाटलं, लोक विचारून राह्यले, ऐकलं का म्हणून, आणि आपलं बटन काहीच सांगत नाही. घरी येईपर्यंत तू बोलत होतीस. बटन दाबलं की आत जातं, सोडलं की लगेच वर येतं, आणि वर आलं की माणसाला वाटतं काहीच झालं नाही. म्हणून तो पुन्हा दाबतो, जोरात दाबतो, दाबून धरतो. तिसरं चित्र पाहिजे. एकदा दाबलं की बटन आत जाईल आणि आपलं आपण आतच राहील, बोट काढलं तरी. रंग जरा बदलेल. पुण्याहून जवाब आला की मग वर येईल. तोवर माणसानं निवांत तंबाखू मळावी.

"आन् मोटारीचा आवाज टाक," मी म्हणालो. चेष्टाच केली होती. तू तुझ्या वहीत ते लिहून घेतलंस, गंभीर चेहऱ्यानं, आणि मला उगीच आपण फार मोठं बोललो असं दिवसभर वाटत राहिलं.

तुझ्या ऑफिसला ते पटलं नाही. तू आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांमधून येरझारा घालत साहेबाशी इंग्रजीत भांडलीस. मी जिन्यात बसून ऐकत होतो. मला त्यातलं "नो सर" तेवढं कळत होतं, पण ते तू असं म्हणत होतीस की मला आमच्या जेवणातलं "काळं व्हतं" आठवलं. खाली आलीस तेव्हा डोळे लाल. सगळ्या जगाचं बटन लगेच वर येतं, आपलंच कामून आत राहणार, असं त्यांचं म्हणणं. फोन हळू चालतो, अडकल्यासारखा वाटतो. "करून दाखवते," एवढंच म्हणालीस आणि मामीनं वाढलेली खिचडी खाल्लीस.

पुढं होळीच्या आसपास तुझा फोन आला. "मामा, ठेवलं त्यांनी!" एवढंच. मी कॉलेजात होतो, फीच्या खिडकीत, समोर पोरांची रांग. मी मोठ्यानं "शाब्बास" म्हणालो, तर पहिल्या पोराला वाटलं त्याची फी माफ झाली.

आपलं एक भांडण मात्र राहिलं. बाजार बंद असतो त्या दिवशी भाव नसतो, तर "भाव" हे बटन चालणार नाही. तू ते फिकं केलं होतंस, राखाडी, अक्षरंही जेमतेम. मी म्हणत होतो, चालत नाही ते दाखवायचं कशाला? काढून टाक. दुकान बंद असलं की आपण पाटी उतरवतो.

"उतरवत न्हाई मामा. शटर ओढतो. पाटी तशीच राहती."

"बरं, शटर. पण माणूस उगीच बोट घालंल ना त्यात."

"घालू द्या. काढून टाकलं तर त्याला वाटंल, काल इथं व्हतं, आज न्हाई, म्हंजे आपलंच काहीतरी चुकलं. फिकं असलं की त्याला कळतं, हाये, पण आत्ता न्हाई."

मी हटून बसलो. मला पटलं नव्हतं असं नाही. तुझ्याशी वाद चालू राहावा म्हणून मी हटून बसायचो. तू गाडीत चढल्यावर खिडकीतून ओरडलीस, "पुढच्या खेपेला तुम्हाला पटवते!" मी म्हणालो, "बघू!" स्टेशनवरचे लोक वळून बघायला लागले. ती पुढची खेप झाली नाही. परतूरच्या प्लॅटफॉर्मवर मी अजून जातो, काही काम नसताना. मनमाडकडची गाडी आली की तुझ्यासारख्या ओढणीच्या पोरी उतरतात, रिक्षा ठरवतात, निघून जातात. मी पेपर घेऊन परत येतो.

परवा माझा मुलगा म्हणाला, "बाबा, दीदीचा नंबर काढून टाकू का? चुकून लागतो तुमच्याकडून." मी म्हणालो, "राहू दे. फिका करता येतो का बघ." त्यानं मान खाली घालून फोन परत दिला. तर असं आहे. पटवलंस तू. खेप न करता.

आणि काल मी हसनाबादला गेलो.

पुण्याहून आलेल्या तुझ्या बॅगेत तो काचेचा फोन होता. तुझे वडील म्हणाले होते, दिगू, हे तूच ठेव, आम्हाला उघडताबी येत न्हाई. मी तो चार्ज केला, माझं कार्ड त्यात घातलं, सकाळच्या गाडीनं जालन्याला आणि तिथून जीपनं हसनाबाद. वाटेत वाक्यं जुळवत होतो. अक्का, असं आहे की... अक्का, पहिलं म्हणजे... एरवी मला सुरुवात शोधावी लागत नाही.

अक्का ओसरीतच होती, त्याच खांबापाशी. मी जवळ बसलो. जुळवलेलं सगळं विसरलो आणि फोन तिच्या हातात दिला. ती तो हातात घेईना.

"तिचा हाये?"

"तिचाच. यातलं हे हिरवं दिसतं ना, हे तिनं केलंय. दाब."

"फुटंल."

"न्हाई फुटत. दाब एकदा."

तिनं करंगळीनं, चटका बसेल अशी, दाबलं आणि हात मागं ओढला. बटन आत गेलं. पिवळसर झालं आणि आतच राहिलं. ओसरीत रेंज नव्हती. निरोप गेला नव्हता, जवाब येणार नव्हता. मी हे तिला सांगावं की नाही असा विचार करत असताना ती म्हणाली, "बिघडलं का?"

"न्हाई अक्का. ते म्हणतंय, तू दाबलेलं मला कळलं. आता थांब. पुन्यांदा दाबू नको. हे असं आतच राहिलं पायजे, एवढ्यासाठी ती साहेबाशी भांडली. मह्या समोर भांडली."

अक्का त्या पिवळ्या पट्टीकडं बघत बसली. मला वाटलं, नाही जमलं. मग ती म्हणाली, "लिफ्टीवानी."

"काय?"

"तिच्या बिल्डिंगीत लिफ्ट हाये. मी गेल्ते ना पुण्याला, तिला खोली मिळाली तव्हा. मी आपली दाबून राह्यले, दाबून राह्यले. ती येईना. मला वाटलं मह्या हातानं ती चालतच न्हाई. मला रडूच आलं रे, कोणाला सांगू नको. तर वैशू मागून आली, मपला हात धरला. म्हणली, आई, एकदाच दाब. लाल बत्ती लागली ना, म्हंजे तिनं ऐकलं. ती येऊन राह्यली. तू भिऊ नको."

वैशू, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. एवढ्या वादावादीत, एवढ्या गाड्या आणि बाजारात, एकदाही नाही.

अक्का म्हणाली, "म्हंजे माणूस भिऊ नये म्हून. ऐकलं का न्हाई, ते कळावं म्हून."

"व्हय."

"एवढ्याचसाठी गेल्ती?"

"एवढ्याचसाठी."

"मंग बराबर गेल्ती," अक्का म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून, तू गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर, मोकळी रडली.

ती सावरत होती तेवढ्यात भोकरदनहून तिची चुलत जाऊ आली. तिला उशिरा कळलं होतं. गळ्यात पडली, रडणं झालं, पाणी झालं. मग डोळे पुसत तिनं तेच विचारलं, जे सगळे विचारतात. "काय करत व्हती ओ पोरगी तिकडं?"

मी सांगायला पुढं सरकलो. अक्कानं हातानंच मला थांबवलं. फोन तिच्यापुढं धरला आणि म्हणाली, "बसा. आधी हे दाबून बघा."